आठ डोळे, पण धुक्यात सगळे एकदमच मिटतात: फक्त कॅमेऱ्यांच्या भरवशावर गाडी चालू शकते का?

मार्च २०२५ मध्ये एक व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. नासाचा माजी इंजिनिअर आणि आता यूट्यूबर असलेल्या मार्क रोबरने रस्त्याच्या मधोमध थर्माकोलची भलीमोठी भिंत उभी केली. भिंतीवर पुढच्या रस्त्याचंच हुबेहूब चित्र. तेच आकाश, तोच डांबरी पट्टा. कार्टूनमधला कायोटी रोडरनरला फसवायला डोंगरावर बोगद्याचं चित्र काढतो, तसलाच प्रकार. ऑटोपायलट चालू असलेली टेस्ला आली आणि भिंत फोडून आरपार गेली. लायडार बसवलेली दुसरी गाडी मात्र भिंतीच्या अलीकडेच थांबली.

व्हिडिओ व्हायरल झाला, मग भांडणं सुरू झाली. टेस्लाप्रेमींचं म्हणणं असं की रोबरने साधा ऑटोपायलट वापरला, कंपनीची जास्त प्रगत 'फुल सेल्फ ड्रायव्हिंग' सिस्टीम वापरलीच नाही. शिवाय दुसरी गाडी लायडार बनवणाऱ्या कंपनीची होती, म्हणजे हितसंबंध आले. दोन्ही मुद्दे चुकीचे नाहीत. आणि खरं सांगायचं तर रस्त्यात चित्राची भिंत उभी राहण्याची वेळ कुणावर येणार आहे?

पण त्या व्हिडिओत आणखी दोन चाचण्या होत्या, ज्यांचे मीम झाले नाहीत. एकात कृत्रिम धुकं होतं, दुसऱ्यात पाण्याचा मुसळधार मारा. दोन्हींच्या मागे लहान मुलाच्या आकाराचा पुतळा. टेस्लाने दोन्ही वेळा पुतळ्याला उडवलं. धुकं आणि पाऊस या काही कार्टूनमधल्या गोष्टी नाहीत. जगभरात ड्रायव्हरलेस गाड्यांवरून जो वाद दहा वर्षं चालू आहे, तो भिंतीचा नाही, या धुक्याचा आहे.

कॅमेरा अंतर मोजत नाही, अंदाज बांधतो

आधी हे समजून घेऊ की गाडी 'बघते' म्हणजे काय करते.

कॅमेऱ्याला फक्त प्रकाश कळतो. प्रत्येक पिक्सेलवर किती उजेड पडला आणि कुठल्या रंगाचा, एवढंच. समोरची गोष्ट १० मीटरवर आहे की १०० मीटरवर, हे फोटोत कुठेही लिहिलेलं नसतं. ते गाडीतल्या कॉम्प्युटरला ओळखावं लागतं. त्यासाठी त्याला लाखो व्हिडिओ दाखवून शिकवलेलं असतं: ट्रक साधारण एवढा मोठा असतो, तो फोटोत एवढासा दिसतोय, म्हणजे तो इतका लांब असणार. गाडी पुढे सरकते तसं जवळच्या वस्तू भराभर मागे जातात आणि लांबच्या हळू, एसटीच्या खिडकीतून दिसतं तसं. त्यावरूनही अंतर काढता येतं. हे सगळं आता थक्क व्हावं इतकं चांगलं जमतं. पण तो शेवटी अंदाज आहे, मोजमाप नाही.

लायडारचं काम वेगळं. तो लेझरचा झोत सोडतो, झोत समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि त्याला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. १०० मीटरवरच्या वस्तूपर्यंत जाऊन परत यायला त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ पुरतो. असे लाखो झोत दर सेकंदाला सोडले की आजूबाजूचा ठिपक्यांचा त्रिमितीय नकाशा तयार होतो. चित्राची भिंत लायडारला चित्र म्हणून दिसतच नाही. त्याला फक्त कळतं की इथे काहीतरी सपाट आणि टणक उभं आहे. शिवाय तो स्वतःचा प्रकाश घेऊन येतो, त्यामुळे मिट्ट काळोखातही त्याला फरक पडत नाही.

तिसरं रडार. ते रेडिओ लहरी वापरतं. या लहरी धुकं, धूळ, पाऊस यांतून सहज आरपार जातात आणि समोरच्या वस्तूचा वेगही थेट सांगतात. मात्र रडारची नजर ढोबळ असते. 'तिकडे काहीतरी आहे' हे कळतं, पण ती म्हैस आहे की मोटरसायकल हे सांगताना त्याची पंचाईत होते. उभ्या वस्तूंच्या बाबतीत तर ते फारच गोंधळतं, कारण रस्त्यावरचे खांब, पूल, पाट्या, गटाराची झाकणं सगळंच उभं असतं. प्रत्येकाला घाबरून ब्रेक मारला तर गाडी चालणारच नाही. म्हणून उभ्या वस्तूंचे बरेचसे सिग्नल सॉफ्टवेअर सरळ गाळून टाकतं.

टेस्लाने आधी रडारचं कौतुक केलं, मग तेच काढून टाकलं

७ मे २०१६. फ्लोरिडातल्या विलिस्टन गावाजवळ एक टेस्ला मॉडेल एस ऑटोपायलटवर धावत होती. समोरून एक मोठा ट्रेलर रस्ता ओलांडत होता. ट्रेलरची बाजू पांढरी आणि मागे लख्ख उजळलेलं आकाश. टेस्लाने तेव्हा सांगितलं की पांढऱ्यावर पांढरं असल्यामुळे ट्रेलर ना ऑटोपायलटला दिसला, ना ड्रायव्हरला. गाडी ब्रेक न लावता ट्रेलरखाली घुसली आणि ड्रायव्हरचा मृत्यू झाला. गाडीत रडार होतं. मग त्याला कसं दिसलं नाही? मस्क यांचं स्पष्टीकरण होतं की डोक्यावरच्या रस्त्याच्या पाटीसारखं जे दिसेल ते रडार सोडून देतं, नाहीतर विनाकारण ब्रेक लागतात.

या अपघातानंतर, सप्टेंबर २०१६ मध्ये, टेस्लाने जाहीर केलं की आता रडारला जास्त महत्त्व देणार. कंपनीच्याच ब्लॉगवर रडारच्या लहरी धुकं, धूळ, पाऊस, बर्फ यांतून कशा सहज जातात याचं वर्णन होतं.

पाच वर्षांनी, मे २०२१ मध्ये, त्याच कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या मॉडेल ३ आणि मॉडेल वाय गाड्यांमधून रडार काढून टाकलं. ऑक्टोबर २०२२ पासून बंपरमधले अल्ट्रासोनिक सेन्सरही बंद करायला सुरुवात झाली. उरले आठ कॅमेरे. लायडार तर ग्राहकांच्या गाड्यांमध्ये कधी नव्हताच. २०१९ मध्ये मस्क यांनी जाहीर कार्यक्रमात सांगून टाकलं होतं की लायडारच्या मागे लागणं हा मूर्खपणा आहे आणि त्यावर विसंबणाऱ्यांचं काही खरं नाही.

यामागे हट्ट होता असं म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. कॅमेरा म्हणतो पुढे रस्ता मोकळा, रडार म्हणतं काहीतरी आहे. ऐकायचं कुणाचं? दोन ज्योतिषी बोलावले की तिसरा लागतो, तसं. ऑगस्ट २०२५ मध्ये मस्क यांनी हाच मुद्दा पुन्हा मांडला: सेन्सर एकमेकांशी भांडतात आणि त्याने सुरक्षितता कमी होते. शिवाय रस्त्याची सगळी व्यवस्था, म्हणजे पाट्या, सिग्नल, पांढरे पट्टे, ही डोळ्यांसाठीच बनवलेली आहे.

गंमत अशी की रडार काढल्यावर विनाकारण ब्रेक लागण्याचा प्रश्न काही सुटला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेची रस्ते सुरक्षा यंत्रणा एनएचटीएसए हिला याच तक्रारींवरून सुमारे ४ लाख १६ हजार टेस्ला गाड्यांची चौकशी सुरू करावी लागली. मोकळ्या हायवेवर गाडी अचानक ब्रेक मारते, अशा ३५४ तक्रारी तेव्हा आल्या होत्या.

"माणूसही दोन डोळ्यांवरच गाडी चालवतो की!"

कमेंट सेक्शनमधला हा सगळ्यात आवडता मुद्दा. माणसाकडे कुठे लायडार आहे? त्याला दोन डोळे पुरतात, मग गाडीला आठ कॅमेरे का पुरू नयेत?

पहिली गोष्ट, डोळा म्हणजे कॅमेरा नव्हे. टेस्लाच्या लाखो गाड्यांमध्ये जे जुने कॅमेरे आहेत ते १.२ मेगापिक्सेलचे आहेत, नव्या गाड्यांत साधारण ५ मेगापिक्सेलचे. तुमच्या खिशातल्या फोनचा आकडा आठवून बघा. पण मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे उजेड आणि अंधार एकाच वेळी पेलण्याची ताकद. संध्याकाळी सूर्य समोर आला की आपण डोळे बारीक करतो, मान तिरकी करतो, सनशेड खाली ओढतो, हाताचा आडोसा करतो. काचेवर चिखल उडाला तर थोडं सरकून बघतो. कॅमेरा जिथे बसवलाय तिथेच बसून राहतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माणसाच्या डोळ्यांमागे मेंदू आहे, आणि त्याला आपल्याला दिसत नाहीये हे कळतं. समोर धुकं आलं की आपण वेग कमी करतो. पुढच्या गाड्यांनी हझार्ड लाइट लावले की काय झालंय हे माहीत नसतानाही पाय ब्रेकवर जातो.

आणि तिसरी गोष्ट, ज्याला टेस्लाप्रेमी बगल देतात: माणूस दोन डोळ्यांवर गाडी चालवतो आणि जगभरात दरवर्षी लाखो माणसं रस्त्यावर मरतात. माणसाइतकंच चांगलं करायचं असेल तर एवढा खटाटोप कशासाठी? ड्रायव्हरलेस गाडीचं सगळं समर्थनच 'ती माणसापेक्षा सुरक्षित असेल' यावर उभं आहे.

राहिला आठ कॅमेऱ्यांचा प्रश्न. एखाद्या घटनेचे आठ साक्षीदार असले तर पुरावा भक्कम होतो, पण ते आठही जण एकाच खिडकीतून बघत असतील तर? धुकं आलं की पुढचा कॅमेरा जाईल आणि बाजूचा वाचेल असं होत नाही. सगळे एकाच कारणाने एकाच वेळी कमकुवत होतात. विमानात महत्त्वाच्या यंत्रणा दोन-तीन असतात त्यामागचा हिशोब हाच असतो की त्या एकाच कारणाने एकदम बंद पडू नयेत. वेगळ्या तत्त्वावर चालणारा दुसरा सेन्सर लागतो तो यासाठी. कॅमेरा वाईट आहे म्हणून नव्हे, तर तो ज्या वेळी हरतो त्या वेळी न हरणारं कुणीतरी हवं म्हणून.

ॲरिझोनातली ती संध्याकाळ

नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲरिझोनातल्या रिमरॉकजवळच्या हायवेवर हे सगळं कागदावरून रस्त्यावर आलं. मावळतीचा सूर्य थेट डोळ्यांवर होता, त्यामुळे आधीच एक अपघात झाला होता. ७१ वर्षांची एक महिला तिथे मदतीसाठी गाडीतून उतरली होती. फुल सेल्फ ड्रायव्हिंग चालू असलेल्या टेस्ला मॉडेल वायने तिला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एनएचटीएसएने सुमारे २४ लाख टेस्ला गाड्यांची चौकशी सुरू केली, त्यात हा अपघात होता. एकूण चार अपघात. सगळ्यांत समान धागा एकच: सूर्याची तिरीप, धुकं किंवा हवेतली धूळ, म्हणजे दृश्यमानता कमी.

चौकशीतला प्रश्न नीट वाचला तर लक्षात येतं की तो 'लायडार का लावला नाही' असा नाहीच. प्रश्न असा आहे की समोरचं दिसेनासं झालंय हे या सिस्टीमला ओळखता येतं का, आणि ओळखलं तर ती योग्य ते पाऊल उचलते का. माझ्या मते संपूर्ण वादातला हा सगळ्यात नेमका प्रश्न आहे. न दिसणं एक वेळ चालेल. न दिसणारा माणूस गाडी बाजूला घेऊन थांबतो. दिसत नाही हेच न कळणं जास्त धोक्याचं, कारण कॉम्प्युटरला रिकामा रस्ता आणि न दिसणारा रस्ता हे दोन्ही सारखेच वाटू शकतात. लायडार किंवा रडार सोबत असेल तर निदान मतभेद तरी होतो. मस्क ज्याला सेन्सरचं भांडण म्हणतात, ती खरं तर धोक्याची घंटा आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे एकमताने हो म्हणतात तेव्हा सगळं आलबेल असतंच असं नाही.

पण लायडार लावला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही

१८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातल्याच टेम्पी शहरात उबरच्या चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा जीव घेतला. त्या गाडीवर लायडार होता, रडार होतं, कॅमेरे होते. सरकारी तपासात काय निघालं? सेन्सरनी ती महिला धडकेच्या ५.६ सेकंद आधीच टिपली होती. पण सॉफ्टवेअर ठरवत राहिलं: ही गाडी आहे, नाही, दुसरं काहीतरी आहे, नाही, सायकल आहे. प्रत्येक वेळी मत बदललं की ती कुठे चालली आहे याचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे सॉफ्टवेअरमध्ये धरलेलंच नव्हतं. (आपल्याकडे अशी गाडी आली असती तर पहिल्याच चौकात तिने हात टेकले असते.)

गुगलच्याच कुटुंबातली वेमो ही कंपनी सेन्सरच्या बाबतीत दुसऱ्या टोकाची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिने दाखवलेल्या सहाव्या पिढीच्या गाडीवर १३ कॅमेरे, ४ लायडार आणि ६ रडार आहेत. शिवाय सायरन ऐकायला मायक्रोफोन. आधीच्या पिढीत तर २९ कॅमेरे आणि ५ लायडार होते. जुलै २०२५ पर्यंत या गाड्यांनी ड्रायव्हर सीटवर कुणीही नसताना १० कोटी मैलांचा टप्पा पार केला. तरीही मे २०२४ मध्ये फीनिक्समध्ये वेमोची रिकामी गाडी लाकडी खांबाला जाऊन धडकली आणि ६७२ गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं. पुढच्या वर्षी फाटक आणि साखळ्यांना धडकण्यावरून आणखी बाराशेच्या वर गाड्यांची तीच गत. खांब लायडारला दिसला नाही असं कोण म्हणेल?

धुक्यातही लायडार अजिंक्य नाही. शेवटी तोही प्रकाशच वापरतो आणि दाट धुक्यातले पाण्याचे कण लेझरला विखुरतात. खऱ्या अर्थाने धुकं भेदतं ते रडार. त्यामुळे सोशल मीडियावर हा सामना 'कॅमेरा विरुद्ध लायडार' असा रंगवला जातो, पण टेस्लाने २०२१ मध्ये काढलेलं स्वस्त रडार त्या चर्चेत कुणाला आठवतच नाही.

मग अडलं कुठे? पैशावर

दहा-बारा वर्षांपूर्वी गाडीच्या टपावर गरगर फिरणारा लायडार ७५ हजार डॉलरच्या घरात होता. गाडीपेक्षा लायडार महाग. लाखो सामान्य ग्राहकांना गाड्या विकणाऱ्या कंपनीने तेव्हा कॅमेऱ्याची वाट धरली, यात व्यावसायिक शहाणपण होतं. विकलेली प्रत्येक गाडी रोज नवे व्हिडिओ पाठवते, त्यावर सॉफ्टवेअर शिकतं, हा टेस्लाचा खरा खजिना आहे.

पण तो हिशोब आता जुना झालाय. चीनच्या हेसाई कंपनीने २०२५ साठी जो लायडार आणला त्याची किंमत २०० डॉलरच्या आत, म्हणजे १७ हजार रुपयांच्या आसपास. एवढ्यात चांगला फोनही येत नाही. अर्थात तिथेही सगळे एका बाजूला नाहीत. एक्सपेंगने लायडार सोडून कॅमेऱ्यांकडे मोर्चा वळवला. बीवायडी महागड्या गाड्यांत तीन लायडार देते आणि स्वस्त गाड्यांत एकही नाही.

२९ मार्च २०२५ रोजी चीनच्या आनहुई प्रांतात शाओमीची एसयू७ ताशी ११६ किमी वेगाने ऑटोपायलटसारख्या मोडवर धावत होती. पुढे रस्त्याचं काम चालू होतं. गाडीने अडथळ्याचा इशारा देणं आणि काँक्रीटच्या कठड्यावर आदळणं यांत जेमतेम दोन-चार सेकंद गेले. तीन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. ती गाडी स्वस्त मॉडेलची होती, त्यात कॅमेरे आणि रडार होतं, लायडार महागड्या मॉडेलमध्येच मिळत होता. लायडारने अपघात टळलाच असता असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण सीटचं लेदर आणि सनरूफ महागड्या मॉडेलसाठी राखून ठेवणं वेगळं, आणि लांबचं बघण्याची क्षमता राखून ठेवणं वेगळं, अशी चर्चा तिथे जोरात झाली. पुढच्याच महिन्यात चीन सरकारने जाहिरातींत 'स्वयंचलित ड्रायव्हिंग', 'स्मार्ट ड्रायव्हिंग' असे शब्द वापरायला बंदी घातली.

टेस्लाने मात्र कॅमेऱ्यांचा रस्ता सोडलेला नाही. २२ जून २०२५ ला ऑस्टिनमध्ये तिची रोबोटॅक्सी सुरू झाली तीही कॅमेऱ्यांवरच. फक्त शेजारच्या सीटवर कंपनीचा एक माणूस बसवून.

आपल्याकडे याचा काय संबंध?

१५ जुलै २०२५ ला मुंबईत बीकेसीमध्ये टेस्लाचं शोरूम उघडलं. तेव्हा मॉडेल वायची किंमत ५९.८९ लाखांपासून होती, आणि फुल सेल्फ ड्रायव्हिंगचा पर्याय हवा असेल तर वर ६ लाख. डिसेंबर २०२३ मध्ये आयआयएम नागपूरच्या कार्यक्रमात नितीन गडकरींनी ड्रायव्हरलेस गाड्या भारतात येऊ देणार नाही असं सांगितलं होतं. त्यांचं कारण सेन्सर नव्हतं, ड्रायव्हरच्या नोकऱ्या होत्या.

पण या वादाचं छोटं रूप आपल्या रस्त्यांवर आधीच आलं आहे. शोरूममध्ये सेल्समन ज्याचा 'एडास' म्हणून मोठ्या कौतुकाने उल्लेख करतो, तेच. आपोआप ब्रेक लागणं, लेनमध्ये ठेवणं, पुढच्या गाडीपासून अंतर राखणं. महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० मध्ये यासाठी कॅमेरा आणि रडार दोन्ही आहेत, टाटाच्या हॅरियर-सफारीतही. होंडा सिटीमध्ये हे काम काचेमागच्या एका कॅमेऱ्यावर चालतं. ब्रोशरवर दोन्हीकडे नाव तेच असतं, एडास लेव्हल २.

जुलैमध्ये पहाटे खंडाळ्याचा घाट चढताना या दोन गाड्यांमधला फरक ब्रोशर सांगणार नाही. नवी गाडी बघायला जाल तेव्हा रंग आणि ॲव्हरेज विचारून झालं की आणखी दोन प्रश्न विचारा: यात रडार आहे का, आणि कॅमेऱ्याला दिसेनासं झालं तर गाडी काय करते? दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ओनर्स मॅन्युअलमध्ये सापडतं, 'मर्यादा' नावाच्या भागात. धुकं, मुसळधार पाऊस, समोरून येणारा तीव्र उजेड, मळलेली काच, पुसट झालेले पट्टे ही यादी तिथे छापलेली असते, आणि शेवटी जबाबदारी ड्रायव्हरची असंही.